नाभीय अंतर

नॅशुआत फेब्रुवारी म्हणजे
पायरीवर मीठ टाकायचं आणि नाक सांभाळायचं.
बाहेर उणे बारा. दुपारचे दोन.
आणि आर्मंड पेल्टिए दार वाजवून सांगतोय
की त्याची भिंत वितळतेय.

कुठली?
उत्तरेची.
उत्तरेच्या भिंतीला कोण हात लावणार?
बेचाळीस वर्षांत तिच्यावर ऊन पडलेलं नाही.
शेवाळ आणि गॅसचा मीटर, एवढाच तिचा संसार.

गेले. पाहिलं.
लोण्याच्या रंगाचं व्हायनिल
तव्यावर कडा सुटलेल्या घावनासारखं उचललेलं,
एका पट्टीचा तर ओठच लोंबतोय.
सगळीकडे गुडघाभर बर्फ.
फक्त त्या भिंतीच्या पायथ्याशी
मातीचं एक उघडं, ओलं, काळं वर्तुळ.

त्याने तापमान मोजायचं पिस्तूल भिंतीवर रोखलं.
एकशे नव्वद फॅरनहाइट.
मनातल्या मनात हिशेब केला:
चहाला उकळी फुटायला थोडंच कमी.
मग आम्ही दोघं सावकाश मागे वळलो
आणि वर पाहिलं.

आमची खिडकी.
ऑक्टोबरात बसवलेली.
दोन काचा, मध्ये आर्गॉन, आत चांदीचा लेप,
डोळ्यांना न दिसणारा.
महिन्याला एकतीस डॉलर वाचतात.
अजेयने ते बिल फ्रीजवर लावलंय,
लेकराच्या चित्रासारखं.
ऊब आत राहील, असं विकणारा म्हणाला होता.
नको असलेलं ऊन कुठे जाईल
हे त्याने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

आणि मी कोण?
वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी.
माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं.
थंडीत मधला वायू आकसतो,
बाहेरची काच पोट आत ओढून धरते, केसभर,
आणि सपाट खिडकीचा होतो अंतर्वक्र आरसा.
शाळेतली ती आकृती:
किरण येतात, वळतात, एका ठिपक्यात गोळा होतात.
ठिपक्याचं नाव नाभी.
कुणी ठेवलं असेल?
आरशालाही पोट असतं हे माहीत असलेल्या कुणीतरी.

आमच्या बरोबर नाभीय अंतरावर
आर्मंडची भिंत होती.

विमावाले म्हणाले, ही आग नव्हे.
ज्वाळा दिसली? नाही.
धूर? नाही.
खिडकीवाला म्हणाला, दोष व्हायनिलचा.
व्हायनिलवाला म्हणाला, दोष काचेचा.
सूर्याला कुणी फोन केला नाही.

शेवटी मीच जाळी मागवली,
बाहेरून लावायची, काळी, काचेचे डोळे मिटणारी.
शनिवारी शिडी लावून चढले
तर खालून आवाज: थांब.

तो तिथे बसला होता, घडीच्या खुर्चीवर,
नेमकी नाभी चुकवून, हातभर बाजूला,
कोटाची बटणं उघडी, लोकरीची टोपी मांडीवर.
दीड ते सव्वादोन, म्हणाला,
इथे एप्रिल असतो.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, लुसिलला या बाजूला काहीतरी लावायचं होतं.
मी म्हणायचो, इथे काय उगवणार.

मी शिडीवर, जाळी काखेत.
म्हटलं, आणखी एखादी पट्टी जाईल तुझी.
पट्ट्या मिळतात, तो म्हणाला,
रंग तेवढा जुळत नाही.

जाळीचं नळकांडं अजून जिन्यात उभं आहे.
अजेय रोज त्याला अडखळतो,
रोज विचारतो, कधी?

सूर्य दिवसेंदिवस वर चढतोय,
म्हणजे ठिपका भिंतीवरून खाली उतरतोय,
तिथून जमिनीवर, तिथून अलीकडे.
मी वरून बघते.
आर्मंड रोज खुर्ची उचलतो
आणि वीतभर
आमच्या घराकडे सरकवतो.