इतिवृत्त

लिलाँग्वे. लोकलेखा समिती, दिवस तिसरा, पान एकशेचार:
तलावातल्या बेटांसाठी रुग्णबोट. पूर्ण रक्कम अदा.
पुढं अठरा महिन्यांचं डिझेल.

एनिफा म्सुकूबाईंनी चष्मा काढला.
"सचिवसाहेब, बोट कुठंय?"

पंखा फिरत होता. कुणीतरी पाण्याची बाटली उघडली,
न पिताच बंद केली.
"खरेदी प्रक्रियेत आहे, मॅडम."
"आणि डिझेल कोण प्यायलं?"
मागं कुणी हसलं, लगेच खोकलं.

मी लघुलेखक. बोललेलं तेवढंच लिहायचं.
माझी आत्या लिकोमाहून निघाली
आणि ओंडक्याच्या होडीतच बाळंत झाली,
हे कुणी बोललं नाही.
म्हणून कंसात टिपलं:
चौदा सेकंद शांतता.

संध्याकाळी साहेबांनी मसुदा तपासला.
चौदा सेकंद खोडले.
शांतता राहू दिली.