नार्व्याची फेरी

अकरा दिवस झाले.
दिवाडीच्या तिठ्यावर दोन तट पडलेत:
पोलीस झोपले होते म्हणणारे,
आणि पोलिसांनी तरी काय करावं म्हणणारे.
मिंगेलच्या बारमध्ये तिसराही आहे, तो पैजा घेतो,
बेळगावात सापडतील की हुबळीत.

मोलेच्या नाक्यावर म्हणे डिक्क्या उघडल्या,
बाणस्तारीच्या पुलावर टॉर्च मारले,
सुरंगीचे वळेसर विकणारीची टोपली उपसली.

मी फेरीबोटीचा दोर टाकतो.
पायी येणाऱ्याला तिकीट नाही,
म्हणजे नोंद नाही.
त्या पहाटे दोघे चढले. एकाची चप्पल ओली.
दुसऱ्याने काडेपेटी मागितली.
दिली.
इस्मेनियाबायच्या फाटकाला पदेराने अडकवलेले पाव
तेव्हा गरम असणार.

काल इन्स्पेक्टर आले. वही उघडली.
'इतके दिवस का नाही बोललास?'
साहेब, विचारलं कुणी?

तिठ्यावर माझं हे वाक्य फार गाजलं.
दोन्ही तटांनी पाठ थोपटली.

काडेपेटी त्याने नार्व्याला उतरताना परत दिली होती.
ते मात्र वहीत नाही.
अकरा दिवस
मी तिच्यातलीच काडी ओढून
विडी पेटवतोय.