सुगनबाईचा कान

देवगुराडियाच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये
सकाळी सातला पट्टा फिरू लागतो.
वर चार कॅमेरे, खाली इंदूरचा कालचा दिवस :
पोह्यांचे द्रोण, शेवेची पाकिटं,
कुणाच्या साखरपुड्यातले शंभर चमचे,
न फोडलेली एक जिरावणाची पुडी.

माझं काम, यंत्राला नावं शिकवायची.
हा कागद. ही बाटली. ही दुधाची पिशवी.
बाळाला चिऊ-काऊ दाखवावेत तसा
नऊ महिने मी त्याला कचरा दाखवला.
(रामबागेतली मावशी सगळ्यांना सांगते,
आमची वैदेही कॉम्प्युटरमध्ये आहे.
खोटं नाही ते.)

शेवेच्या पाकिटाशी यंत्र अडलं.
बाहेरून रंगीत, आतून चंदेरी,
भिजलं की कागद, चुरगळलं की काहीच नाही.
तेव्हा पट्ट्याच्या टोकावरून सुगनबाई म्हणाली,
"देखो मत, दीदी. सुनो."
आणि तिनं ते माझ्या कानाशी मुठीत दाबलं.

दुधाची पिशवी कुजबुजते.
ब्रेडचा कागद कण्हतो.
शेवेचं पाकीट मात्र भांडतं, कडाकडा,
थोरल्या जावेसारखं, शेवटचा शब्द आपलाच ठेवून.
बावीस वर्षं ती हे ऐकत होती
आणि कुणी तिला विचारलं नव्हतं.

मग मी माईक आणला.
अकराशे पाकिटं तिनं माझ्यासाठी चुरगळली,
जेवणाच्या सुट्टीत, वर चहाही नको म्हणत.
यंत्र शिकलं. शंभरात चौऱ्याण्णव बरोबर.
तिवारीजींनी जिलेबी वाटली.
त्या संध्याकाळी घरी नेणाऱ्या बसच्या पाठीवर लिहिलं होतं,
ही बस ओल्या कचऱ्यापासून बनलेल्या गॅसवर धावते;
आणि मला खरंच वाटलं, हे जमतंय,
दोडक्याच्या साली आम्हाला विजयनगरला नेतायत,
काहीच वाया जात नाहीये.

मंगळवारी तिवारीजी पट्ट्यापाशी खोकले.
फुस्स् करून हवा सुटली
आणि एक निरपराध वर्तमानपत्र
सहा नंबरच्या खणात जाऊन पडलं.
सगळे हसले. पुन्हा खोका म्हणाले.
पुन्हा तेच.

रात्री मी सगळं पहिल्यापासून ऐकलं.
कडाकडा, आणि खोकला.
कडाकडा, कडाकडा, खोकला.
यंत्राला वाटलं होतं
तो पाकिटाचाच आवाज आहे,
जिथे हे, तिथे ते.
त्याचं फार चुकलं होतं असं नाही.

"डेटा स्वच्छ करा," वरून निरोप आला.

तिला मी दवाखान्यात घेऊन गेले.
डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं,
खोकला ओला की सुका?
सुगनबाई म्हणाली, "मिक्स है, साहब.
जुर्माना लगा दो."
डॉक्टर हसले नाहीत. ते बाहेरगावचे असावेत.

मग मी तीन रात्री बसून
एकेक खोकला कापून काढला.
आता यंत्र शंभरात सत्त्याण्णव बरोबर सांगतं.
पट्ट्यावर बारा होते, सोमवारपासून चार.
सुगनबाईला बगिच्याच्या खतावर पाठवलंय,
तिथे हवा बरी आहे, असं तीच मला सांगते,
माझी समजूत घालत असल्यासारखी.
"और कान?" मी विचारलं.
"कान का क्या," ती म्हणाली, "वो तो आपके पास है।"

कापलेले तुकडे मी फेकले नाहीत.
एकापुढे एक जोडले तर
एक्केचाळीस मिनिटं भरली.
संगणक विचारतो, फाईलला नाव काय?
या शहरात कुठलीही वस्तू हातात आली
की माझा हात आपोआप थांबतो,
हिरवा डबा की निळा.
तसाच तो आता थांबलाय, कळांवर.

नावाच्या जागी ती रेघ
लुकलुकते आहे.