चतुःसीमा

परभणी कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली,
एकोणीस वर्षं मी लोकांच्या जमिनी टाईप करते.
पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
उत्तरेस गावठाण, दक्षिणेस ओढा.
ओढा आटला तरी कागदावर वाहतो.

मंगळवारी मेहताबभाई आले.
शेख मेहताब, रिक्षातले अनाउन्सर.
तुम्ही त्यांना पाहिलं नसेल, ऐकलंय नक्की.
गादी सेल, सर्कस, नळाला पाणी परवा,
कुणाची मयत, कुठल्या घरून, किती वाजता.
उरुसात हरवलेल्या पोराला
नाव-गाव सांगता येत नसलं
तरी सदऱ्याच्या रंगावरून
आईपर्यंत पोचवणारा तो गळा.

वट्टमवार वकिलांनी खुर्ची ओढली,
"लिहा कांताबाई. दावा आवाजाचा आहे."

नांदेडला एका बंद खोलीत, भिंतींना फोम,
तीन तास वाचून घेतलं होतं त्यांच्याकडून:
आकडे, गावांची नावं, नुसतं हसणं.
पंधराशे रोख, वर चहा.
कागद इंग्रजी. वकिलांनी आज मराठीत सांगितला,
संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी,
आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत.
"विश्व?" मेहताबभाई म्हणाले,
"मैं समझा, फार तर हिंगोलीपर्यंत."

आता तो आवाज चौदा रिक्षांत फिरतो.
मोबाईलवर मजकूर टाकला की बोलतो.
खोकला नाही, जुम्म्याची सुट्टी नाही.
रमीच्या ज्या ॲपला त्यांनी दारातून परत पाठवलं
त्याचीच दवंडी स्टेशन रोडला, त्यांच्याच तोंडून.
भाच्यानं विचारलं, मामू, कितने लिए?

"मोठ्या शहरात नट-नट्यांना मनाईहुकूम मिळतो,"
वकील चष्मा पुसत राहिले,
"त्यांचं नाव विकलं जातं ना, म्हणून.
यांचा आवाज सगळ्या जिल्ह्याला ठाऊक
आणि नाव कुणाला?
कॉपीराइट विचारणार, तुम्ही लिहिलं काय?
हे तर जन्मभर दुसऱ्याचंच वाचत आले."

मालमत्तेचे वर्णन, असा रकाना होता.
बोटांनी सवयीनं 'पूर्वेस' टाईप केलं
आणि मी थांबले.
आवाजाच्या पूर्वेला काय असतं?

मेहताबभाईंना यात काही अवघड वाटलं नाही.
वसमतकडे कॅनॉलपर्यंत जातो, वारं असेल तर पुढं.
पाथरीकडे रेल्वे गेटला अडतो.
जिंतूरच्या अंगाला ऊस उभा असला की बसतो,
तोडणी झाली की मोकळा.

दक्षिण राहिली होती.
तेवढ्यात गेटाबाहेरून रिक्षा गेली:
पोखर्णी गंगाखेड सोनपेठच्या तमाम बंधू-भगिनींसाठी
खास, फक्त तीन दिवस…
मेहताबभाई उठले. मला वाटलं, चिडले.
ते कान देऊन ऐकत होते,
मास्तर पोराचा पाढा ऐकतो तसे.
"दम नहीं लिया."
कुठे?
"पोखर्णीनंतर. मी तिथं दम घेतो.
मधे गोदावरी आहे ना."

वकील म्हणाले, हा काही पुरावा होत नाही.
मी टाईप केलं:
दक्षिणेस गोदावरी.
तीपूर्वी वादी श्वास घेतो.
प्रतिवादीस श्वास नाही.
वकिलांनी दोनदा वाचलं, पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं. राहू द्या, म्हणाले.

स्टँपचे, टायपिंगचे मिळून एकशे ऐंशी.
वीस मी सोडले.

नोटरीला ऐकू कमी येतं,
म्हणाला, मोठ्यानं वाचा, मग सही.
मेहताबभाईंनी घसा साफ केला,
कागद हातभर लांब धरला.
मी शेख मेहताब, वय एकसष्ट, धंदा आवाज…
झेरॉक्सवाल्यानं झाकण अर्ध्यावर धरलं.
तारखेला आलेली माणसं उठून उभी राहिली.
पारावरच्या म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला,
मला हळूच विचारलं,
"कोण गेलं वं माय?"