शेरा

तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर सकाळपासून रांग.
प्रत्येकाला आजाच्या आजाच्या नावापुढचा
एकच शब्द हवा.
भावानं मला पाठवलं. त्याच्या पोराची ॲडमिशन अडलीय.
"तुझी शाळा लवकर सुटते," म्हणाला,
जसं काही पूर्वज म्हणजे
गिरणीवर विसरलेला डबा.

आम्ही लंगरे.
वर्गात पोरं लंगडे म्हणायची.
बाप मोंढ्यात तोलार. काट्यापाशी बसून सांगायचा,
आपला मूळपुरुष लढाईत पायानं अधू झाला,
तवापासून लंगरे.
लढाई कोणती, ते मालावर ठरायचं:
ज्वारीला एक, सरकीला दुसरी.
पित्रांत नाव घ्यायचे ते त्याच्या आजापर्यंत, सटवा.
त्याच्या मागं भटजीही खोकायचा.

सय्यद मुंतजिबुद्दीन मास्तर, उर्दू शाळेतून रिटायर,
पानाला तीस रुपये घेऊन वाचून देतात.
चार दिवस पाहण्या, खसरे, जन्म-मृत्यू.
आमचं कुणी जन्मलं नव्हतं, मेलंही नव्हतं.
पाचव्या दिवशी शिपायानं कपाटाखालून
वाळवीनं कोपरे खाल्लेलं बाड ओढलं.
"हे कुणी मागत नाही," म्हणाला.
मोहताजखाना, कसबा जालना, सन १३०९ फसली.

मास्तरांचं बोट उजवीकडून निघालं.
भिवरा. उमर अंदाजे तीस.
डावा डोळा गेलेला.
संगं एक मुलगा, नुकता पायावर.
कुंडलिकेच्या पुलाखालून उचलून आणलं.
घोंगडी एक.
रोजचा अर्धा शेर ज्वारी, मुलाला पाव.
नवऱ्याच्या नावाची जागा कोरी.
गाव: दूर.
(सांगता आलं नसेल. की सांगायचं नसेल.)
जात: नामालूम.
शेरा: लंगरात भाकरी थापते. चांगल्या थापते.

मास्तर मागं आले. पुन्हा वाचलं, चांगल्या.
"हा शब्द रकान्यात बसत नाही," म्हणाले,
"कारकुनानं आपल्या मनानं लिहिलाय."
आणि खाली, दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातानं,
पोराला नाव दिलेलं:
सटवा लंगरवाला.

म्हणजे पाय कुणाचाच अधू नव्हता.
मी बसल्या जागी माझे पाय पाहिले,
स्लिपरचा अंगठा तुटलेला.

बोट दोन ओळी खाली सरकलं आणि थांबलं.
मास्तरांचे ओठ हलले, आवाज आला नाही.
"तिथं काय आहे?"
"ती ओळ माझ्या कामाची."
बाड मिटताना त्यांनी रुमालानं धूळ पुसली,
आधीच्या चार दिवसांत कधी पुसली नव्हती.
तीस रुपये घेतले नाहीत.
"तुमच्या भिवराबाईची भाकरी
आमच्यातल्या कुणीतरी खाल्लीय," म्हणाले,
"चहा तेवढा पाजा, साखर कमी."

मोहताजखान्याच्या जागी आता बियाण्याचं गोदाम.
जालना सोन्याचा पालना, असं म्हणतात.
मी गेटपाशी उभी राहिले.
वॉचमननं विचारलं, कोण पाहिजे?
नाव सांगितलं असतं तर रजिस्टर उघडलं असतं त्यानं,
वेळ, सही, कुणाला भेटायचं.
म्हटलं, काही नाही, सावलीला थांबले.

आत काट्यावर पोती पडत होती.
एक आवाज, मग आकडा, मग दुसरा आवाज.
बापाचा असाच होता.

भावाचा फोन.
सापडली का नोंद?
सापडली.
मग? काय लिहिलंय?
चांगल्या थापते.
आँ?
अर्धा शेर रे, म्हटलं. पोराला पाव.
हॅलो, हॅलो, तो ओरडत राहिला,
ऐकू येईना झालंय,
तू आहेस कुठं?