डाउट

सकाळच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो,
सर, आय हॅव अ डाउट.
हॅडली साहेबाने पेनाचं टोपण लावलं.
एसी तेवढा बोलत राहिला.
यू डाउट माय ड्रॉइंग?

नाही हो. म्हणजे तसं नव्हे.

मिरजेच्या शाळेत चौगुले मास्तर
खडूचे हात धोतराला पुसत विचारायचे,
कुणाला काही शंका?
मागच्या बाकावरून हात वर गेला की वर्ग फिसकन हसायचा,
कारण शंका थोरली की लघु
ते करंगळी बघितल्याशिवाय कळायचं नाही.
तीच शंका घेऊन आलोय साहेब,
मेडिकल, व्हिसा, अंगठ्याचे ठसे,
सगळ्यातून पास करून रुवैसला आणलेली.

रात्री कॅम्पात तिघे झोपलेले.
मी चौथ्या पलंगावर, फोनच्या उजेडात.
डिअर सर, व्हॉट आय मेंट वॉज
इथपर्यंत सरळ आलं, पुढे रस्ता नाही.
आमच्याकडे शंका विचारतात आणि संशय घेतात.
एक हात वर करून, दुसरा तोंड फिरवून.
तुमच्याकडे दोघांना मिळून एकच गेटपास.
हे इंग्रजीत कसं घालू?
आय मेंट क्वेश्चन, नॉट डाउट.
खोडलं.
क्वेश्चनवरही तो म्हणेल, यू क्वेश्चन मी?
माय इंग्लिश इज नॉट गुड.
हेही खोडलं, कारण सात वर्षं याच इंग्रजीत
मी रिपोर्ट लिहितो आणि त्यावर तो सही करतो.

बिजॉय कुशीवर वळून म्हणाला,
सॉरी लिख दे भाई, लाइट बंद कर.

खिडकीत रिफायनरीची ज्योत हलत होती,
भिंतीवर माझ्या टॉवेलची सावली पुढेमागे.
आणि मला तो जोड आठवला, अठरा नंबरचा,
पाइप जिथे कोपऱ्यात वळतो आणि वरून सगळा भार घेतो.
ड्रॉइंगमध्ये सहा मिलिमीटर.
मी त्यावर बोट फिरवलं होतं,
दोनदा फिरवलं होतं.

मग शंका कसली, दस्तगीर?
शंका म्हणजे ज्याला माहीत नाही त्याची.
तुला तर सहा पुरत नाहीत हे माहीत होतं.
साहेबाला बरोबरच समजलं होतं.
मोडक्या वाक्यातून नेमकं तेच पलीकडे पोचलं
जे मी स्वतःला मराठीतही सांगितलं नव्हतं.

तरी मी लिहिलं, सॉरी फॉर द मिसअंडरस्टँडिंग.
पाठवलं. घरी दर महिन्याला जेवढे पाठवतो
तो आकडा डोळ्यांसमोर होता,
खोटं कशाला बोलू.

पहाटे उत्तर. नो वरीज.
शब्द म्हणतात काळजी नको,
अर्थ एवढाच की विषय संपला.

आता अठरा नंबरखालून जायची वेळ आली
की मी पंपांच्या मागून वळसा घालतो.
उन्हात चाळीसेक पावलं जास्त पडतात.
टेकबहादूरने एकदा विचारलं, उधर से क्यों?
मी म्हटलं, कुछ नहीं.

दुसऱ्या दिवशी बघितलं,
पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन तोही
पंपांच्या मागूनच येत होता.