नकाशात वाकडं

आधी दिशा.
पुस्तकं मिटा, उभे राहा, म्हटलं सहावी ‘ब’ला.
पारसिकच्या डोंगरामागून सूर्य येतो ती पूर्व,
खाडीत उतरतो ती पश्चिम.
उजवा हात डोंगराकडे धरा.
आता नाकासमोर काय?
“रबाळे!” अख्खा वर्ग ओरडला.
बरोबर.
पेपरात मात्र लिहायचं ‘उत्तर’,
हेच उत्तर.
कुणीच हसलं नाही. माझे विनोद असेच जातात.

मग मोहेंजोदडो.
फळ्यावर सरळ रस्ते आखले, काटकोनात छेदणारे,
कडेने गटार, गटारावर विटांचं झाकण.
साडेचार हजार वर्षांपूर्वी, म्हणाले,
आणि खडू जरा थांबवला,
नवल वाटायला वेळ मिळावा म्हणून.

सुमैयाने हात वर केला.
“बाई, हे तर आमच्या सेक्टरसारखं.
फक्त आमच्याकडची झाकणं चोरीला जातात.”

घणसोलीत शिकवताना हे असं होतं.
इथे शहर आधी कागदावर उगवलं,
मोजपट्टीने, पेन्सिलीने,
मग जमिनीवर आलं.
मुलांना काटकोनाचं कौतुक नाही,
ती काटकोनातच जन्मली.

शेवटच्या बाकावरून निनाद मढवी म्हणाला,
“आमचा गाव वाकरा हाय.”
वर्ग हसला. या वेळी हसला.
“खरंच बाई. मोबाईलवर बगा.
सगले रस्ते सरल येतान,
आमच्याजवल आले का वाकरे व्हतान.”

बघितलं. स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता.
आखीव चौकोनांच्या मधोमध
गावठाण,
कुणी वही तपासताना चहाचा कप ठेवावा
तसा डाग.
गल्ल्या माणसांच्या पायांनी पाडलेल्या,
विहिरीकडे, देवळाकडे, खाडीकडे जाणाऱ्या.
विहिरीवर आता जाळी आहे
आणि खाडीच बरीच मागे सरली आहे,
पण गल्ल्यांना कुणी तसं कळवलेलं नाही.

चाचणीत प्रश्न होता, गुण तीन:
‘हडप्पा संस्कृतीचा ऱ्हास का झाला असावा?’
पूर, दुष्काळ, नदीने बदललेलं पात्र,
सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं.
निनादने लिहिलं:
‘नदीने वाट बदलली असेल.
पण माणसे मेली नसतील. ती बाजूला राहायला गेली असतील.
माझे आजोबा मिठागरात होते.
मिठागर बंद झाले, आजोबा आहेत.’
तीनपैकी किती द्यायचे?
लाल पेन उघडं ठेवून
मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.
दोन दिले.
तेव्हापासून तो एक गुण माझ्याकडे बाकी आहे.

पाण्याच्या टाकीसाठी शाळेमागे खड्डा खणला,
तेव्हा सगळ्यांना तिथे नेलं.
थर मोजा, म्हटलं.
वर पेव्हर ब्लॉक,
खाली मुरूम,
खाली कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या टाइल्स, निळी फुलं असलेल्या,
त्याखाली काळा चिखल, भरतीचा वास धरून बसलेला,
आणि त्यात शिंपल्या.
मुलं गप्प झाली.
पुस्तकातल्या कुठल्याही चित्राला
ती अशी गप्प झाली नव्हती.

त्या चिखलाच्या मुद्रा करून आणा, म्हटलं.
एकोणतीस बैल आले.
एकशिंगी, दोनशिंगी, एक तर चक्क म्हैस.
निनादच्या मुद्रेवर निवटा होता,
चिखलातून डोळे वर काढलेला,
आणि वरती पाच चिन्हं, त्याने स्वतः काढलेली.
“काय लिहिलंयस?”
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू सिंधू संस्कृतीचा धडा मीच नीट वाचला नव्हता.
“बाई, ती लिपी अजून कोनाला वाचता येत नाय.”

कपाटावर ठेवली आहे ती.
उन्हाने एक चीर गेलीय,
निवट्याच्या शेपटीपासून तिसऱ्या चिन्हापर्यंत,
वाकडी.